वाऱ्याविरुद्ध आलेला आंबेमोहोर

या सदरात लिहिणारी बरीच मंडळी 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण...' अशी सुरुवात करतात. माझा नव्हता आणि अजूनही नाही. घरात कोणी आजारी पडलं तर मी थर्मामीटर शोधतो, दृष्ट काढण्याचं खातं सौ.कडे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला माझी वीसहून जास्त वर्षं गेली आहेत. पातेल्याची जाडी ठरल्यापेक्षा केसभर कमी भरली तर माल परत, मग मालक ओरडो नाहीतर गिऱ्हाईक. तेव्हा मी 'सुमारे' असं लिहीन तिथे ते खरोखरच सुमारे आहे, आणि जिथे खात्रीने लिहीन तिथे खात्री आहे, एवढं धरून वाचावं.

घटना सांगण्याआधी माझ्या नाकाबद्दल सांगणं भाग आहे.

आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये राहतो. कारखानाही भाईंदरमध्येच. भांडी पॉलिशला जाण्याआधी ॲसिडच्या टाकीत बुडवून काढतात. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. टाकीपाशी नमुना तपासत उभा होतो, आणि वाफेचा एकच भपकारा थेट तोंडावर आला. काही दिवस नाकाडोळ्यांतून नुसतं पाणी. पुढे सगळं बरं झालं, पण वास गेला. कमी झाला असं नाही, पूर्ण गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीला हिंग, कापूर, कॉफी, गुलाबपाणी लावून पाहिलं. मला चारही बाटल्या सारख्याच. अमोनिया हुंगवला तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं. मी खूश झालो, तर डॉक्टर म्हणाले, "ती झिणझिण आहे हो. तिची नस वेगळी, वासाची वेगळी. काही महिन्यांत परत आला तर आला, नाहीतर..." नाही आला.

भाईंदरमध्ये नाक नसणं ही सवलत आहे, असं आमच्या मजल्यावरचे हर्षदभाई म्हणायचे. खाडी एका बाजूला, गटारं दुसऱ्या बाजूला. त्यात आमची सौ. उत्तनहून सुके बोंबील आणायची आणि रविवारी तव्यावर भाजायची. हर्षदभाई दारात हजर.

"भाभी, आज फिर?"

मी दार उघडून भोळेपणाने विचारायचो, "कसला वास येतोय का?"

"देखो, इनको तो भगवान ने बचा लिया!"

हसण्यावारी नेत होतो, पण जेवणात राम उरला नव्हता. वास गेला की चवही निम्मी जाते. खारट, आंबट, तिखट एवढं कळतं, बाकी सगळं सपाट. भाताचं तर कापसाच्या बोळ्यासारखं झालं होतं. आंबेमोहोर आणणं आम्ही बंदच केलं, उगाच कशाला.

रविवारी घरात बसून बोंबलांकडे नुसतं बघत राहण्यापेक्षा मी जंगलात जायला लागलो. काशीमिऱ्याच्या पलीकडे नॅशनल पार्कच्या डोंगराची उत्तरेकडची बाजू उतरते. तिथल्या बिबट्यांची दर थंडीत मोजणी व्हायची, आणि हौशी लोकांना मदतीला घेत. त्या काळी मोजणी पावलांच्या ठशांवरून. पायवाटेवर बारीक माती चाळून अंथरायची, सकाळी त्यावर उमटलेला ठसा शोधायचा, वर काच धरायची आणि काचेवर पेनाने त्याची रेघ उतरवून घ्यायची. हवं तर ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा. लांबी, रुंदी, बोटांमधलं अंतर. अशा कामाला माझ्यासारखा माणूस मिळाला म्हटल्यावर तिथले वनपाल सावंत मला सोडेनात.

सावंत सिंधुदुर्गाकडचे. कमी बोलणारे, पण बोलले की टोचणारे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही बिबट्या बघायला आलात की त्याला रिजेक्ट करायला?"

आता मुख्य गोष्ट. नव्वद-एक्क्याण्णवची थंडी.

डोंगराच्या पायथ्याला रामसूरत नावाच्या भय्याचा तबेला होता. पन्नास-साठ म्हशी. म्हशीला रेडा झाला की तो फार दिवस जगत नसे, आणि मेलेला रेडा तबेल्यामागच्या ओढ्यात टाकून देत. त्यावर कुत्री जमत. कुत्र्यांवर बिबट्या येई. आमच्या काचांवरचे निम्मे ठसे त्या ओढ्याच्या आसपासचे, हे मी सावंतांना नकाशावर टिंबं काढून दाखवलं होतं. त्यांनी रामसूरतला दोनदा समजावलं, "खड्डा खण, पूर, वर चुना टाक." तो हो म्हणायचा आणि ओढ्यातच टाकायचा. मग एका रात्री बिबट्याने ओढ्यातलं सोडून तबेल्यातलं चांगलं पारडू उचललं. हायवेकडच्या नव्या वस्तीतूनही ओरड सुरू झाली. पिंजरा लावण्याचा हुकूम आला, आणि आत बकरी बांधून तो तबेल्यामागे ठेवला गेला.

त्या रविवारी मी सकाळी पोचलो तो तबेल्यापाशी ही गर्दी. बिबट्या पिंजऱ्यात होता. गुरकावून गजांवर धडका देत होता, नाकावरची कातडी सोलली होती. लोक पत्र्यावर काठ्या आपटत होते.

"साहब, ले जाओ इसको," रामसूरत सावंतांच्या मागे मागे. "आज के आज ले जाओ. हमारा पाडा खा गया."

सावंत पिंजऱ्यापाशी उकिडवे बसून बघत होते. मला त्यांनी बोटाने खालची बाजू दाखवली. मादी होती. सडांभोवतीचे केस चोखून चिकटलेले, सड भरलेले.

"दुधावर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पिल्लं कुठेतरी पडलीयत."

शेजारच्या पाड्यावरची जानकीबाय तिथेच उभी होती. साठीची वारली बाई, डोंगरात लाकूडफाटा गोळा करणारी. तिच्या दोन बकऱ्या आदल्या पावसाळ्यात बिबट्याने नेल्या होत्या, तेव्हा तिने पिंजऱ्याला हात जोडावेत असं काही कारण नव्हतं. पण पाड्याच्या वर त्यांच्या वाघोबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेली लाकडी फळी. वाघबारशीला तिथे सगळे जमतात. बिबट्यालाही ते वाघच म्हणतात.

"लेकुरवाळी हाय ती, साहेब," ती म्हणाली. "तिला नेशील त पोरांना कोन, तू पाजशील?"

सगळे हसले. सावंत हसले नाहीत. ते गाडीपाशी जाऊन वायरलेसवर बराच वेळ बोलले आणि परत येऊन मला बाजूला घेतलं. वरून उत्तर असं होतं: बिबट्याला लांबच्या जंगलात नेऊन सोडायचं, ट्रक निघालाय. दिवस मावळायच्या आत पिल्लं सापडली आणि जागा वस्तीपासून दूर असेल तर तिथेच तिला सोडायला हरकत नाही. नाहीतर ट्रक जाईल.

"इथेच दार उघडलं तर? ती आपण होऊन पिल्लांकडे जाईल," मी विचारलं.

"या गर्दीतून? कोणाला तरी ओरबाडून जाईल. मग पुढच्या वेळी पिंजरा येणार नाही, बंदूक येईल."

म्हणजे हिशोब सोपा होता. संध्याकाळपर्यंत पिल्लं सापडली तर सगळी जगणार. नाही सापडली तर आई ट्रकमध्ये आणि पिल्लं उपाशी कुठेतरी कपारीत, दोन-तीन दिवसांत संपणार.

शोधाची आखणी मी केली. तबेल्याच्या वरचा उतार दोऱ्या लावून पट्ट्यांत वाटला, शेजारच्या माणसाचा हात दिसेल एवढी एकेक पट्टी. वनरक्षक, पाड्यावरची माणसं आणि आम्ही दोघे-तिघे हौशी, सगळ्यांनी ओळीने वर चढायचं, प्रत्येकाने फक्त आपली पट्टी बघायची, सोडायची नाही. माथ्यापलीकडची एक बंद पडलेली दगडखाण मी नकाशावर काट मारून वगळली. तिच्या शेजारच्या चालू खाणीत रोज सुरुंग उडायचे. धडाडधूम चालू असताना बिबटी तिथे पिल्लं ठेवणार नाही, हा माझा तर्क. सावंतांनाही तो पटला.

दुपारपर्यंत खालचा अर्धा उतार झाला. सापडलं काय, तर साळिंदराचे काटे, एक जुनी चप्पल आणि रामसूरतच्या तबेल्यातली हाडं. जेवायला कोणी थांबलं नाही. तीनच्या सुमाराला ट्रक येऊन उभा राहिल्याचा निरोप वर आला. माझ्या डाव्या बाजूच्या पट्टीत जानकीबाय होती, ती वाघोबाला पुटपुटत काही सांगत होती. मी कारवीची झुडपं बाजूला करत होतो. आणि...

मला वास आला.

हे नुसतं वाचणाऱ्याला कळणं कठीण आहे. चार वर्षं बंद असलेल्या खोलीत एकदम दिवा लागावा तसं झालं. वास भाताचा होता. आंबेमोहोर. शिजून नुकतं झाकण काढलेला, वाफाळता. मी तिथेच उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पिल्लं, ट्रक, पट्टी, सगळं डोक्यातून गेलं. खरं सांगतो, मनात विचार एवढाच होता की इथे वर कोणाचं तरी झोपडं आहे, चुलीवर भात उतरवलाय, आणि आपण जाऊन मूठभर मागायचा.

मी चालायला लागलो. मान डावीकडे केली की वास कमी होई, उजवीकडे वर केली की वाढे. तसतसा गेलो.

मागून सावंत ओरडले, "ओ साहेब! पट्टी! पट्टी सोडू नका! तुम्हीच सांगितलंत ना?"

"भात शिजतोय!" मी ओरडलो.

कोणीतरी फिसकन हसलं. सावंत म्हणाले, "ऊन लागलं यांना. कोणीतरी बरोबर जा रे."

जानकीबाय आली. "कुठं चाललास?"

"इथे वर कोणाचं घर आहे?"

"हितं? हितं भुतां बी राहत न्हाय."

"मग भात कोण शिजवतंय?"

तिने हवेत नाक उचलून हुंगलं. "काय न्हाय. मला त कायच वास न्हाय येत." मग माझ्या तोंडाकडे बघून माझ्यामागून चालू लागली.

इथे एक गोष्ट नमूद करतो, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडतं. दुपारचा वारा आमच्याकडे समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. आमची पाठ पश्चिमेला होती, आणि मी चाललो होतो पूर्वेला, माथ्याकडे. वास समोरून येत होता. माथ्यावर पोचल्यावर मला स्वतःलाच हे खटकलं. खांद्याच्या पिशवीत साच्यासाठीची प्लास्टरची पुडी होती. चिमूटभर भुकटी काढून सोडली. ती पांढरी भुकटी सरळ पुढे, खाणीकडे उडत गेली. आणि त्याच खाणीकडून भाताचा वास माझ्याकडे येत होता. जानकीबायने तेही पाहिलं.

"वाऱ्यावरनं न्हाय येत ह्यो वास," एवढंच ती म्हणाली.

माथा ओलांडून आम्ही बंद खाणीत उतरलो. जी मी नकाशावरून काढून टाकली होती तीच. रविवार असल्यामुळे शेजारची खाण बंद, सगळं शांत. एक भलामोठा तुटका दगड कातळाला टेकून पडला होता आणि मागे काळोखी फट. वास आता इतका दाट होता की घास तोंडात असल्यासारखं वाटत होतं. मी गुडघ्यांवर बसलो. पिशवीतला टॉर्च काढला, फटीत मारला.

आत खोलवर निळसर डोळ्यांच्या दोन जोड्या. आणि मांजराच्या पिल्लासारखा, पण बराच रागीट, फिस्कारण्याचा आवाज.

आणि वास गेला. बटण दाबून रेडिओ बंद करावा तसा. मी दोनदा, तीनदा श्वास ओढून पाहिला. काहीच नाही, रोजचं सपाट.

जानकीबायने तोंडावर हात ठेवला, मग माथ्याकडे धावत जाऊन अशी आरोळी ठोकली की खालपर्यंत पोचली असणार. सावंत धापा टाकत आले. मी नुसतं फटीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून आत पाहिलं, माझ्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की टॉर्च हातातून पडला, आणि मग नाक वर करून म्हणाले, "अरे, इथे बासमतीचा वास येतोय हो खरंच."

"येतो ना?" जानकीबाय म्हणाली. "हितं आला आता मला बी. वर न्हवता."

मला मात्र आता येत नव्हता.

पुढचं सगळं पळापळीचं. पिंजरा खाणीत आणायचा होता. सरकारी ट्रक खाणीच्या कच्च्या रस्त्यावर चढेना. तबेल्याचा चाऱ्याचा टेम्पो होता, तो चढला असता. सावंतांनी रामसूरतला विचारलं.

"हमारे टेम्पो में?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "मतलब हमारी ही चोर, हमारी ही गाडी में बैठके घर जाएगी?"

"तिकडे छोटी छोटी पोरं आहेत रे तिची," मी म्हणालो.

"तो हमारा पाडा भी किसी का बच्चा था!"

याला उत्तर जानकीबायकडे होतं. "तुझ्या रेड्यांना तू नाल्यात टाकतंस तव्हां कोनाची पोरां असतात ती?" ती म्हणाली. "तूच तिला जेवाय बोलवतंस आन् वर बोंबलतंस."

लोक हसायला लागले. रामसूरत चिडला, दोन पावलं गेला, परत आला आणि मुकाट्याने टेम्पोची किल्ली काढली. "चलाऊंगा मैं ही. क्लच खराब है."

पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली तशी बिबटी शांत झाली. गर्दीला पाड्याच्या माणसांनी माथ्याखालीच अडवून धरलं. फटीपासून बऱ्याच अंतरावर पिंजरा उतरवला, दाराला लांब दोर बांधला, आणि आम्ही चौघे टेम्पोच्या केबिनमध्ये कोंबून बसलो. मी, सावंत, जानकीबाय आणि काचा वर करून मारुतीचं नाव घेणारा रामसूरत. पिल्लांना कोणी हात लावला नव्हता. माणसाचा वास लागू नये म्हणून सावंतांनी त्यानंतर फटीजवळ कोणाला जाऊही दिलं नाही. उजेड अजून चांगला होता, खाणीचे दगड उन्हाने पिवळे दिसत होते.

सावंतांनी बोटभर उघड्या ठेवलेल्या खिडकीतून दोर ओढला. दार वर गेलं.

ती बाहेर आली नाही. बराच वेळ. मला वाटलं, मार लागून मेली की काय. मग ताडपत्रीखालून डोकं आलं, खांदे आले, आणि ती जमिनीला चिकटून, पोट घासत, सरळ त्या दगडामागे गेली. आतून एक बारीक केकाटणं ऐकू आलं आणि थांबलं. आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात मानेला धरलेलं एक पिल्लू लोंबत होतं.

"येक," जानकीबाय पुटपुटली.

खाणीच्या पायऱ्यांवरून उड्या घेत ती वर गेली आणि जंगलात दिसेनाशी झाली. येईल ना परत? आली. दुसरं पिल्लू उचललं.

"दोन."

ते घेऊन ती गेली. मी सावंतांचा हात धरून हलवला. झालं! टॉर्चमध्ये दोनच पाहिली होती, दोन्ही गेली. सावंतांनी टोपी काढून मांडीवर आपटली. रामसूरत किल्लीला हात घालणार, तेवढ्यात जानकीबायने त्याचं मनगट दाबलं.

बिबटी पुन्हा आली होती. दगडामागे गेली. या वेळी जास्त वेळ लागला, माती उकरल्याचा आवाज आला. आणि ती बाहेर आली. तोंडात तिसरं. सगळ्यात लहान, मळलेलं, जे फटीच्या वळणापलीकडे असणार आणि ज्याला आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं.

"तीन!" ओरडला कोण, तर रामसूरत. "अरे तीन है! तीन! जय बजरंगबली!"

ती एक क्षण थांबली, टेम्पोकडे पाहिलं, आणि वर चढून गेली. झुडपं हलली, मग हलायची थांबली. मग माथ्यावरून पाड्याच्या लोकांनी जो कल्ला केला! थाळ्या वाजवल्या, शिट्ट्या घातल्या. बायका नाचल्या. सावंतांसारखा माणूस टेम्पोच्या टपावर चढून दोन्ही हात वर करून उभा होता. खाली सरकारी ट्रक रिकामा उभा होता, त्याचा ड्रायव्हरही हॉर्न वाजवत होता.

"मोजणीवाले," जानकीबाय मला म्हणाली, "तुझी मोजणी चुकली रे!"

चुकली होती. एवढा आनंद मला बरोबर आलेल्या कुठल्याही आकड्याने दिलेला नाही.

घरी आल्यावर सौ.ला सांगितलं. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन कापूर, सुकट, घासलेट एकामागून एक माझ्या नाकाखाली धरलं. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने केबिन रोडवरून पावशेर आंबेमोहोर आणून शिजवला. झाकण काढून माझ्यासमोर धरलं. वाफ लागली, वास नाही. ती म्हणाली, "मला येतोय. मी सांगते तुम्हाला तो कसा आहे." आणि सांगितलंही. बरोबर तसाच.

खुलासे मी शोधले. बिबट्याच्या हद्दीच्या खुणेसाठी सोडलेल्या मुताला सुवासिक तांदळासारखा वास असतो, हे मला पुढे एका जाणकाराने सांगितलं. म्हणजे वास तिथे होता, सावंतांना आणि जानकीबायला तो आला, इथपर्यंत ठीक. मला हे आधी माहीत नव्हतं, तेव्हा मनाने कल्पून घेतला असंही म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणाले, नाक गेलेल्यांना कधीकधी नसलेले वास येतात. पण ते बहुतेक जळकट किंवा कुजकट असतात, आणि मान फिरवली म्हणून कमीजास्त होत नाहीत. माझा होत होता. नस तेवढ्यापुरती जागी झाली म्हणावं, तरी वाऱ्याचं काय? मागून वारा असताना समोरच्या डोंगरापलीकडचा वास, जो धडधाकट नाकाच्या बाईला येत नाही, तो मला कसा यावा? आणि पिल्लं दिसताक्षणी का जावा? पाड्यावरचे लोक म्हणतात, वाघोबाने बोलावलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि हो असंही म्हणत नाही.

रामसूरतने मात्र तबेल्यामागे खड्डा खणला. स्वतःहून. मेलेला रेडा पुरायचा, वर चुना. म्हशींच्या गोठ्याला दार आणि जाळी. ओढ्यावरची कुत्री कमी झाली, आणि त्या बाजूने पिंजऱ्याची मागणी मी तिथे जात होतो तोवर पुन्हा आली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "हमारी बाघिन है, तीन बच्चोंवाली."

पुढच्या थंडीच्या मोजणीत वरच्या पाणवठ्यापाशी आम्ही माती अंथरली. सकाळी गेलो तर मादीचा ठसा, आणि तिच्या आजूबाजूला लहान ठसे. मी उकिडवा बसून एकेक पंजा वेगळा काढला. या वेळी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा सावंतांकडून तपासून घेतलं. तीन लहान. तिन्ही जिवंत, तिन्ही आईबरोबर पाणी प्यायला आलेली. काचा आम्ही नेहमीप्रमाणे मोजक्याच नेल्या होत्या, त्या कमी पडल्या. सावंतांनी माणूस खाली पिटाळला, तर रामसूरत स्वतः धापा टाकत वर आला. तबेल्यातल्या हनुमानाच्या तसबिरीची काच काढून आणली होती त्याने.

"इसपे छोटेवाले का उतारना," तो म्हणाला.

त्या काचेवर मी सगळ्यात लहान पंजा उतरवला. सावंत शेजारी उभे होते. हवेत नाक उचलून म्हणाले, "आज पण येतोय हो. तुम्हाला?"

मी दीर्घ श्वास घेऊन पाहिला. आला नाही. त्यानंतर आजवर कधीच आला नाही. त्या एका दुपारी का आला, ते मला अजूनही सांगता येत नाही.